‘ब्रोकबॅक माउंटन’ अभिनयाच्या मालिकेतच हवा

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपले चित्रपट मंडळ.

विषय : ‘विषयाचा चित्रपट’ या शेऱ्याबद्दल.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या हंगामात मंडळ अभिनयावर बारा चित्रपटांची मालिका करणार आहे आणि त्यासाठी सभासदांकडून नावे मागवली होती. मी एकच नाव सुचवले होते, ‘ब्रोकबॅक माउंटन’. त्यावर मला आलेले तीन ओळींचे उत्तर असे की चित्रपट चांगला आहे यात वाद नाही, परंतु तो विषयाचा आहे. जूनमध्ये त्या विषयावर काही दाखवायचे ठरले तर त्याचा विचार करता येईल. आणि तसेही या विषयावरचा एक चित्रपट मंडळाने गेल्याच वर्षी दाखवलेला आहे. उत्तर सौजन्याचे होते, त्याबद्दल आभार. मात्र विषय कोणता, हे त्या तीन ओळींत कोठेही लिहिलेले नव्हते, म्हणून ते मीच लिहून टाकतो : दोन पुरुषांचे एकमेकांवरचे प्रेम. हे पत्र खुले लिहिण्याचे कारण एवढेच की नाव सुचवणारे माझ्याखेरीज आणखी सहा-सात सभासद होते आणि सगळ्यांना तेच तीन ओळींचे उत्तर गेले आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. गेल्या पंचवीस वर्षांत पडद्यावर जो अभिनय झाला, त्यातले अगदी वरच्या रांगेतले काम या चित्रपटात आहे, आणि ते एका नटाचे नसून पाच-सहा जणांचे आहे. अशा चित्रपटाला अभिनयाच्या मालिकेतून उचलून विषयाच्या कप्प्यात ठेवले की लोक तो विषय पाहायला येतात, विषयावर बोलतात आणि घरी जातात. हीथ लेजरने दोन तास काय केले, हे पाहायचे राहूनच जाते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅनी प्रू यांची मूळ कथा ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात ऑक्टोबर 1997 मध्ये आली. लॅरी मॅकमर्ट्री आणि डायना ओसाना यांनी तिची पटकथा केली, आणि तैवानमध्ये जन्मलेले दिग्दर्शक आंग ली यांच्या हातून 2005 मध्ये चित्रपट झाला. 1963 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एनिस आणि जॅक हे विशीतले दोन गरीब तरुण डोंगरावर मेंढ्या राखायला जातात आणि प्रेमात पडतात. खाली उतरल्यावर दोघांची लग्ने होतात, मुले होतात, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे वर्षातून एक-दोनदा मासेमारीच्या नावाखाली ते भेटत राहतात. जॅक एकत्र राहू म्हणतो, एनिस नाही म्हणतो. मग जॅक मरतो. कथा एवढीच आहे, आणि ती सांगून टाकल्याने चित्रपटाचे काही बिघडत नाही.

एनिसचा पहिला प्रवेश आठवून पाहा. पहाटे एका ट्रकमधून तो उतरतो, हातात कागदाची पिशवी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि मुकादमाच्या कचेरीबाहेर भिंतीला टेकून उभा राहतो. थोड्या वेळाने जॅक येतो. आपल्या खटारा गाडीच्या आरशात बघून तो दाढी करतो आणि त्याच आरशातून या मुलाला न्याहाळतो. कितीतरी वेळ कोणी काही बोलत नाही. या पाच मिनिटांत लेजरने माणूस उभा केलेला असतो : खांदे आत घेतलेले, नजर जमिनीवर, आणि ओठ असे मिटलेले की शब्द बाहेर पडला तर दंड भरावा लागेल. मराठीत ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ असे आपण सहज म्हणून जातो. ती म्हण एखाद्या नटाने दोन तास चौदा मिनिटे चेहऱ्यावर वागवली तर ती कशी दिसेल, हे पाहायचे असेल तर हा चित्रपट पाहावा. फरक इतकाच की इथे तोंड दाबणारा हातही त्याचा स्वतःचाच आहे.

लेजर ऑस्ट्रेलियाचा, पर्थचा. चित्रीकरणाच्या वेळी तो 25 वर्षांचा होता. वायोमिंगच्या रानातली भाषा त्याने उचलली हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्याने गिळली. एनिसचे वाक्य घशात सुरू होते, दातांशी अडते आणि निम्मे आतच राहते. आपण नेहमी इंग्रजी उपशीर्षकांसह चित्रपट दाखवतो आणि ते योग्यच आहे. पण इथे गंमत अशी होते की खाली पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य उमटते आणि वरचा माणूस मात्र त्यातले निम्मेच बोललेला असतो. मी तिसऱ्यांदा पाहताना उपशीर्षके बंद केली. समजले कमी, पण ऐकू पहिल्यांदाच आले. डोंगरावर एका रात्री शेकोटीपाशी तो आपल्या आई-वडिलांच्या अपघाताबद्दल चार वाक्ये बोलतो. जॅक म्हणतो की दोन आठवड्यांत तू एवढे बोलला नव्हतास, आणि एनिस उत्तरतो की वर्षभरातही बोललो नव्हतो. हे म्हणताना लेजर क्षणभर हसतो. ते हसू पुढच्या वीस वर्षांच्या गोष्टीत फार थोड्या वेळा परत येते, आणि जेव्हा येते तेव्हा समोर जॅक असतो किंवा मुली असतात.

उन्हाळा संपतो तो प्रसंग मी आपल्या तरुण सभासदांना आवर्जून दाखवू इच्छितो. मी तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले आणि त्यातली बरीचशी वर्षे एकांकिका स्पर्धांसाठी मुलांच्या तालमी घेतल्या. आपल्याकडे दुःख म्हणजे आक्रोश, असा एक अलिखित नियम आहे. मंचाच्या मध्यभागी गुडघ्यांवर कोसळायचे, दोन्ही हात वर, आवाज शेवटच्या रांगेपलीकडे. परीक्षक मान डोलावतात आणि करंडक मिळतो. मीही मुलांना हेच शिकवले आहे, त्यामुळे हा दोष आधी माझ्या पदरात. आता एनिसकडे पाहा. जॅकची गाडी निघून जाते, हा रस्त्याने चालू लागतो, आणि एकाएकी दोन इमारतींमधल्या बोळात शिरतो. पोटात कळ आल्यासारखा वाकतो. उलटी होईल असे वाटते, ती होत नाही. रडू येते, तेही पुरते येत नाही. तो भिंतीवर बुक्की मारतो. एवढ्यात एक वाटसरू थबकून पाहतो आणि एनिस त्याच्यावर खेकसतो. एनिसला काय झाले आहे हे त्या माणसाला कळलेले नाही, खुद्द एनिसलाही कळलेले नाही, आणि प्रेक्षकाला मात्र सगळे कळते. हे सगळे अंधाऱ्या बोळात, अर्धवट पाठमोरे होते. नटाने चेहरा प्रेक्षकांकडे ठेवावा हा आमचा तालमीतला पहिला पाठ त्याने तिथे सहज मोडला.

हा माणूस इतका मिटलेला का, याचे कारण पटकथा एकदाच सांगते. एनिस नऊ वर्षांचा असताना गावात एकत्र राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला लोकांनी हालहाल करून मारले, आणि वडिलांनी ते प्रेत मुलांना मुद्दाम नेऊन दाखवले. हे काम बहुधा वडिलांनीच केले असावे, असे तो पुढे म्हणतो, आणि म्हणतो कसे, तर हवापाण्याबद्दल बोलल्यासारखे. 1963 मध्ये इलिनॉय राज्य सोडले तर अमेरिकेत सगळीकडे असे संबंध गुन्हा होते. पण एनिस कायद्याला घाबरत नाही, शेजाऱ्याला घाबरतो. त्याची भीती खोटीही नव्हती : कथा छापून आल्यानंतर बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर 1998 मध्ये, त्याच वायोमिंगमधल्या लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला कुंपणाला बांधून मारहाण झाली आणि त्यात तो गेला. त्यामुळे जॅक ‘आपण दोघे मिळून एखादे लहानसे रान करू’ म्हणतो तेव्हा एनिस नाही म्हणतो, त्याला भ्याडपणा म्हणवत नाही. लेजरने ते ‘नाही’ इतक्या हळू उच्चारले आहे की जॅकपेक्षा ते त्यालाच जास्त लागते.

जेक जिलनहॉलच्या जॅकबद्दल कमी लिहिले जाते, कारण तो बोलतो. बोलणाऱ्या माणसाचा अभिनय आपल्याला सोपा वाटतो. पण आशा ही गोष्ट वीस वर्षे अभिनयात टिकवायची आणि दर भेटीत ती किंचित कमी करत आणायची, हे काम सोपे नाही. शेवटच्या भेटीत तळ्याकाठी तो फुटतो, वीस वर्षांचा हिशेब मांडतो, तुला सोडायचे कसे हे कळले असते तर बरे झाले असते, असे म्हणतो. तेव्हा त्याच्या आवाजात संतापापेक्षा थकवा जास्त असतो. त्यावर एनिस गुडघ्यांवर कोसळतो. होय, इथे तो कोसळतो, अगदी आमच्या स्पर्धेतल्यासारखा. फक्त तोवर दिग्दर्शकाने दीड तास त्याला कोसळू दिलेले नसते.

आणि मिशेल विल्यम्स. चार वर्षांनी जॅक पहिल्यांदा भेटायला येणार असतो. एनिस दिवसभर खिडकीपाशी बसून वाट पाहतो, गाडी दिसताच जिना उतरून धावतो आणि जॅकला भिंतीपाशी ढकलून त्याचे चुंबन घेतो. वर त्याची बायको अल्मा दार उघडते, पाहते आणि दार लोटून घेते. थोड्या वेळाने नवरा त्या मित्राची ओळख करून द्यायला आत येतो आणि नंतर रात्रभर बाहेर जातो. विल्यम्सच्या वाट्याला इथे जवळजवळ संवादच नाहीत. ती फक्त उभी असते, आणि जे पाहिले त्याला आपल्याकडे शब्द नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसते. तो शब्द तिला सापडायला कितीतरी वर्षे लागतात. घटस्फोटानंतर, दुसऱ्या नवऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता ती एनिसला सांगते की एकदा मी तुझ्या गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधली होती, मासे घरी आण म्हणून. तू परत आलास तेव्हा चिठ्ठी जशीच्या तशी होती, त्या दोरीला पाणीच लागले नव्हते. हा संवाद तिने किती शांतपणे सुरू केला आहे ते पाहावे. फसवली गेलेली बायको म्हणून चित्रपटाने तिला बाजूला सारले नाही, आणि खलनायिकाही केले नाही. या गोष्टीत चौघांचीही वाट लागली आहे, हे ध्यानात ठेवून चौघांनीही कामे केली आहेत.

चौथी अ‍ॅन हॅथवे. हा प्रसंग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण माझ्या बाबतीत त्याला महावितरणाच्या भारनियमनाची साथ मिळाली. 2007 च्या उन्हाळ्यात भाड्याने आणलेल्या तबकडीवर मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहत होतो. एनिसने जॅकला पाठवलेले कार्ड ‘मृत’ असा शिक्का बसून परत येते, तो जॅकच्या बायकोला, लुरीनला, फोन लावतो, ती सांगू लागते की टायर फुटला, रिम तोंडावर बसली. आणि वीज गेली. ती दोन तासांनी आली. ते दोन तास उकाड्यात, हातपंख्याने वारा घेत, मी त्या एका चेहऱ्याबरोबर काढले : फुगवलेले सोनेरी केस, रंगवलेले ओठ, फोन धरलेला हात, आणि पाठ केल्यासारखा कोरडा आवाज. ही बाई थंड आहे, असे मी ठरवून टाकले होते. वीज आल्यावर तो प्रसंग पहिल्यापासून लावला. ती म्हणते की आपली रक्षा ब्रोकबॅकवर विखुरावी असे जॅक सांगायचा. ती त्याच्या मनातली एखादी काल्पनिक जागा असेल असे आपल्याला वाटले, असेही ती सांगते. एनिस सांगतो की नाही बाईसाहेब, त्रेसष्ट साली आम्ही दोघांनी तिथे एक उन्हाळा मेंढ्या राखल्या. यावर ती अगदी लहानसा श्वास घेते. डोळे भरू लागतात, आवाज तसाच सभ्य राहतो. आपण कोणाशी बोलतो आहोत आणि आपला संसार नेमका काय होता, हे तिला त्या श्वासात कळते. पहिल्या वेळी मी सांगितले जाणारे ऐकत होतो, दुसऱ्या वेळी ऐकणारीला पाहिले. हॅथवे तेव्हा 21 वर्षांची होती.

आता जॅकच्या आई-वडिलांचे घर. माझ्या मते या चित्रपटाचे, आणि अभिनयाच्या कोणत्याही मालिकेचे, शिखर इथे आहे. रक्षा डोंगरावर न्यायला मी तयार आहे, हे सांगायला एनिस त्या ओसाड, पांढऱ्या भिंतींच्या घरात येतो. बाप टेबलापाशी बसून रोखून पाहतो; त्याला सगळे ठाऊक आहे. रक्षा घराण्याच्याच जागेत पुरली जाईल, असे तो सुनावतो, आणि वर हेही सांगतो की जॅक अलीकडे दुसऱ्याच कोणाला इथे घेऊन यायचे म्हणत होता. त्या क्षणी लेजरची मानसुद्धा हलत नाही. आई मात्र खांद्यावर हात ठेवते आणि जॅकची खोली वर आहे, हवे तर पाहून ये, म्हणते. रोबर्टा मॅक्सवेल या अभिनेत्रीला जेमतेम काही मिनिटे आणि मोजकी वाक्ये मिळाली आहेत, तरी कोणत्याही गावातली कोणतीही आई तिला ओळखील.

वर खोलीत कपाटाच्या कोपऱ्यात एनिसला एक शर्ट सापडतो. जॅकचा, बाहीवर जुने रक्त. त्याच्या आत दुसरा शर्ट, चौकड्यांचा, एनिसचाच, डोंगरावर हरवला असे त्याला वाटत होते तो. एकात एक घातलेले. लेजर ते शर्ट तोंडाशी धरतो आणि वास घेतो. कॅमेरा पुष्कळसा बाजूनेच राहतो. मग तो ते हातात धरून खाली येतो, मागत नाही, विचारत नाही, आणि आईसुद्धा काही न विचारता कागदाची पिशवी काढून देते. पहिल्या दृश्यात हा मुलगा ट्रकमधून उतरला तेव्हा हातात अशीच पिशवी होती. बापासमोर, त्या स्वयंपाकघरात, दोन परकी माणसे एकमेकांना सगळे सांगून टाकतात आणि बापाला त्यातला एक शब्द ऐकू येत नाही. हे लिहिताना आवंढा येतो, ते असो.

चित्रपटात सगळेच बावनकशी आहे असे मी म्हणणार नाही. वय वाढल्याचे दाखवण्यासाठी जिलनहॉलला जी मिशी चिकटवली आहे ती मिशीच दिसते. फोनच्या प्रसंगात जॅकला मारहाण होत असल्याची जी झलक मध्येच दाखवली आहे, ती नसती तरी चालले असते. लेजरच्या चेहऱ्यावर ती दिसतच होती. पुरस्कारांचे म्हणाल तर व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. ऑस्करला आठ नामांकने आणि तीन पुरस्कार : दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि गुस्ताव्हो सांताओलाला यांचे संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘क्रॅश’ ठरला आणि अभिनेता फिलिप सीमोर हॉफमन. हॉफमनबद्दल माझी तक्रार नाही. लेजर 22 जानेवारी 2008 रोजी, वयाच्या 28 व्या वर्षी गेला आणि पुढे त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले ते ‘द डार्क नाइट’मधल्या जोकरसाठी. जोकर सर्वांना पाठ आहे. एनिस पाहिलेले लोक मला आपल्या मंडळातही फार भेटले नाहीत.

राहिला मुद्दा ‘या विषयावरचा एक दाखवला आहे’ याचा. गेल्या वर्षभरात मंडळाने स्त्री-पुरुष प्रेमाचे, माझ्या मोजणीप्रमाणे, चौदा चित्रपट दाखवले. तेव्हा पहिल्यानंतरच विषय संपला, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. आणि मराठी प्रेक्षकाला हे पेलणार नाही, अशी शंका कोणाच्या मनात असेल तर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 सालीच आपल्या रंगभूमीवर आले होते. एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरचे प्रेम आणि त्यातून तिचा झालेला शेवट त्यात आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ते तेव्हा पाहिले, ते आजही आधी रोहिणी हट्टंगडींच्या कामाबद्दल बोलतात, विषयाचे नंतर. त्या प्रेक्षकांपैकी दोघे आज आपल्या कार्यकारिणीत आहेत.

तरी विनंती अशी. मालिकेत हा चित्रपट घ्यावा आणि पत्रिकेत त्याच्यापुढे इतर अकरांसारखेच नट, दिग्दर्शक आणि साल छापावे. कंसात वेगळी सूचना देऊ नये. नंतरच्या चर्चेला डॉक्टर किंवा समुपदेशक न बोलावता एखाद्या नटाला बोलावावे. आणखी एक बारीकशी गोष्ट. शेवटच्या दृश्यात एनिस कपाटाचे दार उघडतो, तिथे ते दोन शर्ट टांगलेले असतात, आता त्याचा बाहेरून आणि जॅकचा आत. तो एक बटण लावतो, डोंगराचे चित्रकार्ड सरळ करतो, ‘जॅक, मी शपथ घेतो’ एवढेच म्हणतो आणि पुढचे वाक्य बोलत नाही. यानंतर नामावली सुरू होते. आपल्या सभागृहात नामावलीचे पहिले अक्षर दिसताच दाराजवळचे ट्यूबलाइट लावण्याची पद्धत आहे. त्या दिवशी बटणापाशी मी बसेन, आणि नामावलीवरचे गाणे संपेपर्यंत दिवे लावणार नाही.

कळावे,
आपला,
एक आजीव सभासद